भिंतीवर चित्राचा कागद लावायचा म्हणता, तर आधी भिंत पाहू

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की चित्रकारांनी काढलेल्या डिझाइनचे वॉलपेपर आता आपल्या तालुक्याच्या गावांपर्यंत यायला लागलेत, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की दोन रात्री वाचतच बसले. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं कुणाचीच टाकली नाहीत, फक्त गावाचा अंदाज येईल एवढं ठेवलंय.

प्रश्न : ताई, आमचं स्लॅबचं घर दिवाळीत पूर्ण झालं. अक्षय तृतीयेच्या आसपास मुलाचं लग्न आहे. नागपूरच्या दुकानात चित्रकाराने काढलेला मोठ्या फुलांचा वॉलपेपर पाहिला, मनात भरला. हॉलची भिंत १२ फूट रुंद, साडेदहा फूट उंच. दुकानदार म्हणतो ३ रोल पुरतील. पश्चिमेच्या भिंतीवर लावायचा विचार आहे, सोफा तिथेच येणार. लावू ना?
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, आधी लग्नघराचं अभिनंदन. पण पश्चिमेच्या भिंतीवर नका लावू, आणि ३ रोल घेऊन तर अजिबात परत येऊ नका.

आधी रोलचं सांगते. बाजारात येणारा नेहमीचा रोल २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब असतो, म्हणजे साधारण ५७ चौरस फूट. तुमची भिंत १२६ चौरस फूट, दुकानदाराने भागाकार केला, सव्वादोन आले, ३ सांगून मोकळा झाला. साध्या एकरंगी कागदाला हा हिशोब चालतो. मोठ्या फुलाला नाही चालत, कारण फूल एका पट्टीवर अर्धं आणि शेजारच्या पट्टीवर अर्धं असतं, ते जुळवायला कागद वाया जातो. तुमच्या भिंतीला ७ पट्ट्या लागतील. एक पट्टी १२६ इंच, वरखाली कापायला ४ इंच धरा, १३० झाले. आता समजा डिझाइन दर २५ इंचांनी पुन्हा येतं (रोलच्या लेबलवर हे लिहिलेलं असतं, कॅटलॉगच्या मागेही असतं), तर फूल जुळायला दुसरी पट्टी १५० इंचांवरून सुरू करावी लागते आणि तिसरी ३०० वरून. रोल आहे ३९६ इंचांचा, तिसरी पट्टी बसतच नाही. एका रोलमधून दोनच पट्ट्या निघाल्या म्हणजे ७ पट्ट्यांना ४ रोल. आणि चारही रोलवर बॅच नंबर एकच आहे ना हे दुकानातच पाहून घ्या, कारण नंतर एक रोल आणायला गेलात तर रंगात हलका का होईना फरक येतो आणि तो सोफ्यावर बसलं की रोज दिसतो.

आता भिंतीचं. दिवाळीत प्लास्टर झालेली भिंत वरून कोरडी दिसते, आतून नसते. सिमेंट पाणी सोडत राहतं, आणि त्या पाण्यासोबत क्षार वर येतात, पांढरी भुकटी दिसते ना भिंतीला, तीच. कागदामागे ती आली की खळ धरत नाही. त्यातून आपल्याकडची काळी माती, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, घर थोडं हलतंच, नव्या घराला पहिल्या एक-दोन वर्षांत केसासारख्या भेगा जातात. रंगावर भेग गेली तर पुट्टी मारता येते, कागद मात्र त्या रेषेत फाटतो. म्हणून नव्या घराला मी एक पावसाळा जाऊ द्या असंच सांगते, आणि पश्चिमेच्या भिंतीवर तर पाऊस सरळ येतो.

लग्नासाठी पाहिजेच असेल तर घराच्या मधली भिंत निवडा, जिची एकही बाजू बाहेर नाही. तिच्यावर फूटभर लांबी-रुंदीचं पॉलिथिन चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसंच ठेवा. आतून दव धरलं तर थांबा, कोरडं निघालं तर पुट्टी, घासकाम, मग प्रायमर आणि मग कागद. आणि हे सगळं फेब्रुवारीत उरका, कारण एप्रिल-मेच्या उन्हात खळ इतकी पटकन वाळते की सांधे उघडतात. पहिली पट्टी कोपऱ्याच्या आधाराने लावू देऊ नका, कोपरे सरळ नसतात, मिस्त्रीला ओळंबा सोडायला लावा.

कूलरचं राहिलंच. मी स्वतः केलेली चूक सांगते. पुसदकडे एका डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीत मी फार सुंदर कागद लावला होता, एका चित्रकर्तीने काढलेली पळसाची डहाळी, केशरी फुलं आणि खाली राखाडी खोड. जानेवारीत लावला. मे महिन्यात फोन आला. जाऊन पाहते तर खिडकीत कूलर, त्याची हवा दिवसभर त्याच भिंतीवर, आणि बरोबर मधल्या फुलावर सांधा जिभेसारखा बाहेर आलेला. मी बोटं आत घातली, भिंत थंडगार आणि ओलसर, खळीचा आंबूस वास हाताला लागला. कूलर कुठे लागणार हे मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही घरी गेले की माप घेण्याआधी पहिला प्रश्न तोच विचारते. तुम्हीही कूलरची खिडकी आधी ठरवा, मग कागदाची भिंत.

प्रश्न : मॅडम, वॉलपेपरच्या कॅटलॉगवर विल्यम मॉरिस हे नाव सारखं दिसतं. एक कागद महाग, तेच डिझाइन दुसरीकडे निम्म्या भावात. हा माणूस कोण, आणि खरा माल ओळखायचा कसा?
— एक शिक्षक, वर्धा जिल्हा

उत्तर : सर, मॉरिस हा इंग्लंडचा, जन्म १८३४ आणि मृत्यू १८९६. चित्रकाराने घराच्या भिंतीचा कागद काढायचा, ते हलकं काम समजायचं नाही, ही गोष्ट ज्या लोकांनी पटवून दिली त्यातलं हे मोठं नाव. त्याने वॉलपेपरसाठी काढलेलं पहिलं डिझाइन 'ट्रेलिस', १८६२ सालचं, स्वतःच्या बागेतल्या गुलाबाच्या वेलांच्या जाळीवरून सुचलेलं. गंमत म्हणजे त्यातले पक्षी त्याने नाही काढले, त्याचा वास्तुविशारद मित्र फिलिप वेब याने काढले. तेव्हा मशीनची छपाई सुरू झालेली होती, तरी याने लाकडी ठसेच धरले. एका रंगाला निदान एक ठसा, एक रंग वाळला की दुसरा. त्याच्या १८७५ च्या 'अकँथस' या डिझाइनला तर ३० ठसे लागायचे. आपल्याकडे छिपा समाजाचे लोक कापडावर ठसे मारतात तेच तंत्र समजा, फक्त कागदावर आणि दहा मीटर सलग, म्हणून महाग.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मॉरिसला जाऊन सव्वाशे वर्षं झाली, त्याच्या चित्रांवर आता कुणाचाच कॉपीराइट नाही, त्यामुळे तेच डिझाइन कुणीही छापू शकतं आणि छापतात. म्हणून नावाला पैसे देऊ नका, कागदाला द्या. नमुना हातात घ्या, ओल्या फडक्याने एक कोपरा पुसून पाहा रंग येतो का, वाकवून पाहा, आणि तो साधा कागद आहे, व्हिनाइल (वर प्लास्टिकचा थर असलेला) आहे की नॉन-वोव्हन (न विणता धागे दाबून केलेला) हे विचारा. नॉन-वोव्हनला खळ भिंतीला लावतात, तो ओला होऊन फुगत नाही आणि काढताना सलग निघतो. व्हिनाइल पुसायला सोपा, पण भिंतीची वाफ बाहेर जाऊ देत नाही, आपल्या ओल धरणाऱ्या घरात त्याच्यामागे बुरशी धरते.

बुरशीवरून एक गोष्ट, तुमच्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी. त्या काळात हिरव्या रंगात आर्सेनिक असायचं, १७७५ साली शीले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तो हिरवा तयार केला आणि घराघरांत गेला. कोरड्या भिंतीवर रंग सुंदर दिसायचा, पण ओल धरली की बुरशी त्यातून आर्सेनिकचा वायू सोडायची, आणि अशा कागदांमुळे माणसं आजारी पडल्याचं सांगतात. मॉरिसच्या सुरुवातीच्या कागदांतही आर्सेनिकचा हिरवा होता, आणि त्याच्या घरच्यांचे शेअर्स ज्या खाणीत होते तिथे आर्सेनिक निघायचं. पुढे त्याचे कागद आर्सेनिकशिवाय छापले जाऊ लागले. मला हे वाचलं तेव्हा फार लागलं होतं, एवढी नाजूक पानं काढणारा हात आणि रंगात ते.

आणि भारताचं काय म्हणाल, तर फ्रान्सच्या झुबेर कारखान्याने १८०७ मध्ये 'हिंदुस्थान' नावाचा अख्ख्या खोलीभर लावायचा कागद काढला होता, मोंजाँ या चित्रकाराचा. घाट, देवळं, हत्ती सगळं आहे त्यात. तो इथे आला नव्हता, डॅनियल या इंग्रज चित्रकार काका-पुतण्यांनी आपल्या देशात फिरून केलेल्या चित्रांवरून त्याने ते रचलं.

सर, एवढं लांब कशाला, तुम्ही वर्ध्याचेच. मुलांना एकदा सेवाग्रामला बापूकुटीत नेऊन फक्त भिंती पाहायला लावा. मीराबेननी मातीतच उठाव काढलेत, ताडाची झाडं आणि ॐ. ना कागद, ना रंग, भिंतीच्याच मातीचं चित्र. मी लहानपणापासून किती वेळा गेले असेन, अजूनही तिथे उभी राहिले की हात मागे बांधून ठेवावा लागतो, एवढी बोट फिरवायची इच्छा होते. माझ्या मते भिंतीवरच्या कलेचा आपल्या भागातला सगळ्यात चांगला धडा तो आहे.

प्रश्न : भाड्याच्या खोलीत राहतो, मागून चिकट असलेले स्टिकर वॉलपेपर ऑनलाइन मागवले, महिन्याभरात पडले. काय चुकलं? — अमरावतीहून एक विद्यार्थी

उत्तर : चुन्याची किंवा स्वस्त डिस्टेंपरची भिंत असेल, हात फिरवून पाहा, पांढरं लागेल. स्टिकर भिंतीला नाही, त्या भुकटीला चिकटला. घरमालकाला न विचारता प्रायमर मारू नकोस, त्यापेक्षा कागद हार्डबोर्डच्या तुकड्यावर चिकटव आणि बोर्ड खिळ्याला टांग, खोली सोडताना सोबत नेता येईल.

प्रश्न : ताई, मी गोंड आहे, गडचिरोली जिल्ह्यातला, चित्रं काढतो. नागपूरच्या एका छापणाऱ्याने माझी सहा चित्रं पाहिली, म्हणतो वॉलपेपर करतो, सहाचे मिळून ९ हजार घे आणि या कागदावर सही कर. कागदावर लिहिलंय सगळे हक्क कायमचे त्याचे. घरी पैशांची गरज आहे. सही करू का?

उत्तर : भाऊ, सही करू नकोस. निदान या कागदावर तर नाहीच. तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी कायदा समजून घे, अवघड नाही. तू काढलेलं चित्र काढल्या क्षणापासून तुझं असतं, त्यासाठी कुठे नोंद करावी लागत नाही, हा १९५७ चा कॉपीराइट कायदा. ते हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखीच द्यावे लागतात, आणि त्या लेखात कोणतं चित्र, कशासाठी, किती वर्षं, कुठल्या भागासाठी आणि किती पैसे हे आलं पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, भाग लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर त्याने 'कायमचे' हा शब्द मुद्दाम टाकलाय. आणि हक्क विकले तरी हे चित्र माझं आहे असं म्हणायचा तुझा अधिकार संपत नाही, त्यासाठी वेगळं कलमच आहे, ५७ वं.

दुसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. चित्र चित्र म्हणून तुझंच, पण ते वॉलपेपरसारख्या मालावर मशीनने छापायचं डिझाइन झालं, नोंदणी केलेली नसली आणि ५० पेक्षा जास्त नग छापले गेले, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. मग दुसराही कुणी छापेल आणि तुला काही करता येणार नाही. म्हणून डिझाइन कायदा २००० खाली नोंदणी, आधी १० वर्षं, वाढवून आणखी ५. पण नोंदणीसाठी डिझाइन आधी कुठेही जाहीर झालेलं नसावं लागतं, म्हणजे पुढची नवीन चित्रं स्टेटसला आणि इन्स्टाला टाकायची घाई करू नकोस. गडचिरोलीच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, अनुसूचित जमातीच्या माणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. जातीचा दाखला आणि तो कागद घेऊन जा. मी जे लिहिते ते समजण्यापुरतं, कागद वकिलाच्याच नजरेखालून जाऊ दे.

छापणाऱ्याला नाही म्हणून तोडू नकोस. त्याला म्हण, हक्क विकत नाही, वापरायला देतो, दोन किंवा तीन वर्षं, फक्त वॉलपेपरसाठी. चादरी, कप, मोबाइल कव्हर यात नाही. काही रक्कम आता हातात, आणि प्रत्येक रोलमागे ठरलेला हिस्सा, दर तीन महिन्यांनी किती रोल छापले त्याचा हिशोब. रोलच्या कडेला तुझं नाव आणि गाव छापलं गेलं पाहिजे, हे तर सोडूच नकोस. आज गरज आहे म्हणतोस, तर मूळ सहापैकी एखादं चित्र वस्तू म्हणून विकून टाक, चित्र विकलं म्हणजे छापायचा हक्क विकला असं होत नाही, फक्त पावतीवर तसं लिही.

जनगढसिंह श्याम यांचं नाव तुला माहीत असेलच. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे, परधान गोंड जमातीचे, घराच्या भिंतीवर चित्रं काढायचे, तिथून भोपाळच्या भारत भवनात गेले, तिथल्या विधानभवनाच्या भिंतीवर त्यांचं काम आहे, १९८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात होते. सुरुवात घराच्या भिंतीवरूनच झाली होती, म्हणून तू भिंतीसाठी काढतोस यात मला काहीच कमी वाटत नाही. फक्त एक, पेनाची म्हणजे तुमच्या देवाची, कुळाची जी चिन्हं आहेत ती छापायला देण्याआधी गावातल्या मोठ्यांना विचार. ते चित्र कुणाच्या हॉटेलच्या संडासाबाहेरही लागू शकतं, हे डोळ्यांपुढे आणून मग ठरव.

आता कामाचं. तुझं चित्र एकटं सुंदर असेल, पण रोलवर ते खाली-वर आणि आजूबाजूला जुळलं पाहिजे. त्याची जुनी युक्ती, कॉम्प्युटर लागत नाही. कागदाच्या मधोमध चित्र काढ, कडा मोकळ्या ठेव. मग कागद उभा बरोबर मधून काप आणि उजवा तुकडा डावीकडे, डावा उजवीकडे ठेवून मागून टेप लाव. आता मधे जी मोकळी जागा आली तिथे झाड, हरिण, काय ते भर. मग आडवा कापून वरचा खाली, खालचा वर, पुन्हा रिकामं भर. हे झालं की चारही कडा आपोआप जुळतात. हरणाचं शिंग एका कडेला तुटतं आणि दुसऱ्या कडेला बरोबर त्याच जागी उगवतं, पहिल्यांदा जुळलं तेव्हा मला लहान पोरासारखा आनंद झाला होता. मोबाइलचा फोटो पाठवू नकोस, स्कॅन कर. ए-फोर कागदावरचं चित्र चारपट मोठं छापायचं असेल तर ६०० डीपीआयने (एका इंचात ६०० बिंदू) स्कॅन केलंस की मोठं झाल्यावर १५० उरतात, भिंतीला तेवढे पुरतात. तुमचे ते बारीक ठिपके आणि रेघा त्यातही जिवंत राहतील.

जे ठरेल ते मला कळव. कागद नवीन आला तर तोही पाठव.

प्रश्न : बाई, आमचं मातीचं घर हाय, धाब्याचं, आज्याच्या हातचं. पोराचं लगन झालं, सून शहरातली. ते म्हन्ते भिंतीले वालपेपर लावू. मले पटत नाही, पन सुनेचं मन मोडाव वाटत नाही. काय करावं सांगजा.
— एक शेतकरी, अकोला जिल्हा

उत्तर : काका, तुमचं पटत नाही ते बरोबरच आहे. मातीची भिंत श्वास घेते, तिच्यावर खळ लावून कागद चिकटवला की ओल आत कोंडते, माती भुसभुशीत होते, आणि मैद्याची खळ म्हणजे उधईला जेवणाचं ताट. जुने लोक खळीत मोरचूद घालायचे तो त्यासाठीच, पण मातीच्या घरात तेवढ्याने भागत नाही.

पण सुनेचंही चुकलं नाही, तिला आपली खोली आपली वाटली पाहिजे. तिच्यासाठी दोन गोष्टी सुचवते. भंडारा जिल्ह्यात मोहाडी, पवनीकडे कोसा विणतात, मधासारखा रंग असतो त्याचा, अंगचाच. पलंगाच्या मागे बसेल एवढी सागाची किंवा साधी लाकडी चौकट करा, तिच्यावर कोशाचं कापड ताणून बसवा आणि चौकट भिंतीपासून अर्धा इंच पुढे टांगा, मागून हवा खेळती राहील. फार खर्च नको असेल तर बुरडाकडून बारीक विणीचा तट्टा करून घ्या, तोही तसाच टांगायचा. कुठलीही चौकट दर पावसाळ्यानंतर एकदा काढून मागून झटका. कोसा मात्र दाराच्या उन्हात येऊ देऊ नका, कापड विरतं.

दुसरी गोष्ट मला स्वतःला जास्त आवडेल. पांढऱ्या मातीचा पोतारा देऊन भिंत तयार करा, खालच्या दोन फुटांत गेरू, आणि मधली जागा सुनेला द्या. नागपंचमीला घरच्या बाया भिंतीवर नाग काढतात, लग्नात दारावर हत्ती-पोपट काढतात, तेवढीच सवय हाताला असली तरी पुरे. रंग पक्का राहावा म्हणून त्यात थोडा डिंक भिजवून घालायला सांगा. बिघडलं तर पुन्हा पोतारा, पुन्हा कोरी भिंत, कागदाला हे सुख नाही.

तिला येत नसेल तर शेजारची पोरगी बोलवा, गावात एक तरी असतेच चित्र काढणारी, आणि तिला तिच्या कामाचे पैसे द्या, नुसतं जेवू घालून पाठवू नका. पण बादलीत माती भिजवायच्या आधी सुनेला विचारा, कोणती भिंत पाहिजे बाई तुले?